घरी बोलली जाणारी भाषा

ताई आली तेव्हा लिफाफा उघडलेला होता. दारात बूट काढता काढताच तिला तो जेवणाच्या टेबलावर दिसला. तिने भावाकडे पाहिलं, भावाने बायकोकडे पाहिलं, आणि बायको गॅसपाशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत राहिली.

या घरात शिक्का असलेला लिफाफा ताईशिवाय कुणी उघडत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, तो पडत गेला होता. हे कुटुंब या देशात उतरलं तेव्हा ताई सहा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ कडेवर. बाराव्या वर्षापासून ती अप्पांना दवाखान्याचे, घरमालकाचे, कुठकुठल्या कचेऱ्यांचे कागद वाचून दाखवत आली. पुढे नोकरीही तशीच लागली. घरवाटप कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसायचं, लोकांचे अर्ज तपासायचे, काय राहिलं आणि काय चुकलं ते सांगायचं. ओळखीपाळखीत कुणाला काहीही भरायचं असलं की फोन ताईला. भाऊ तर लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीही म्हणाला होता, सही मी करतो, बाकीचं ताईला विचारा.

त्या भावाला घरात टिल्लू म्हणत. आता तो सहा फुटांच्या वर गेला होता, शहर बस चालवत होता, एका मुलीचा बाप झाला होता. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"मी उघडला," त्याची बायको म्हणाली. तिने चहाचे चार कप टेबलावर आणून ठेवले. "काल आला. सोमवारी नऊ वाजता सही करून मागितलाय. म्हटलं, वाचून तरी बघू."

"वाचता आलं?" ताईने विचारलं. टोमणा मारायचा नव्हता तिला, पण तो लागला.

"रक्ततपासणीची परीक्षा याच भाषेत दिली ना मी. वेळ लागतो, पण येतं. दोनदा वाचलं."

अप्पा खिडकीशी शिलाई मशीनपाशी बसले होते. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण मशीन त्यांनी घरी आणलं होतं आणि शेजारपाजारच्या पँटी आखूड करून देणं चालूच होतं. आत्ता ते एक जुनी शिवण ब्लेडने उसवत होते. मशीनखाली पायट्याच्या शेजारी मुंगी बटणांचा डबा घेऊन बसली होती. मुंगी म्हणजे टिल्लूची साडेचार वर्षांची मुलगी. दिवसभर काही ना काही इकडून उचलून तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी. दिवसभर ती अप्पांच्याच हाताखाली वाढली होती; आई प्रयोगशाळेत, बाबा बसवर, आणि अप्पांना इथल्या भाषेतले शब्द यायचे ते सगळे कपड्यांचे.

ताईने चष्मा लावला आणि वाचायला लागली. अप्पांना कळावं म्हणून एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेली. मुलगी बालवर्गात येऊन पाच महिने झाले, पण अजून एक शब्दही बोललेली नाही. साध्या सूचना तिला कळत नाहीत. सगळ्यांनी कोट काढा म्हटलं तर आधी इतरांकडे बघते, मग काढते. पाच बोटं दाखव म्हटलं तर दाखवत नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरवत बसते, ही अस्वस्थपणाची खूण दिसते. मुलीची समज वयाच्या मानाने मागे असावी, असा तपासणाऱ्यांचा अंदाज आहे. तिला विशेष वर्गात घालावं. तो वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या इमारतीत भरतो. सकाळी घ्यायला व्हॅन येईल. मुदत दोन वर्षं. पालकांनी संमतीची सही करावी.

वाचून झालं. मशीनखाली बटणं डब्यात पडल्याचा आवाज आला.

"मधलं एक वाक्य राहिलं, ताई," मुंगीची आई म्हणाली.

"कुठलं?"

"समज मागे असावी, याच्या आधीचं. घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच असूनही, असं लिहिलंय."

ताईने कागद घडी करून ठेवला. मुंगीच्या आईने लिफाफ्यातून दुसरा कागद काढला आणि तिच्यासमोर सरकवला. प्रवेशाच्या वेळच्या अर्जाची ती नक्कल होती. अक्षर ताईचं होतं, ठळक, सरळ, एकही खाडाखोड नसलेलं. नवव्या रकान्यात 'घरी बोलली जाणारी भाषा' असा प्रश्न होता आणि त्यापुढे इथल्या भाषेचं नाव लिहिलं होतं. त्याखाली, 'इतर कोणतीही भाषा' पुढे एक आडवी रेघ.

"आपल्या घरात ही भाषा कोण बोलतं?" मुंगीच्या आईने विचारलं. आवाज वाढवलेला नव्हता. "अप्पा? मी? की ती मशीनखाली बसलीये ती?"

ताई म्हणाली, लिहिताना तिने पुरता विचार केला होता. दुसरी भाषा लिहिली की मूल आपोआप नवागतांच्या वर्गात जातं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ती त्याच वर्गातून आली होती. एक वर्ष म्हणून घातलं आणि चार वर्षं ठेवलं. बाकीची मुलं वाचायला शिकली तेव्हा ही चित्रं कापून चिकटवत होती. बाहेर आली तेव्हा अकरा वर्षांची, आणि बसवली आठ वर्षांच्या मुलांत. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. ते अंतर पुढे कधी भरून निघालं नाही. तिला शिक्षिका व्हायचं होतं, हे तिने सांगितलं नाही. टिल्लूला ते ठाऊक होतं आणि तो कपात बघत राहिला.

"ताईने भल्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"सही माझीच आहे ना. डेपोत घेऊन आली होती. बस सुटायची वेळ झालेली. स्टिअरिंगवर कागद ठेवून केली."

"वाचलास?"

"ताईने भरलेला फॉर्म कुणी वाचतं का?"

एरवी यावर सगळे हसले असते. मुंगीची आई खुर्ची ओढून बसली. तिच्या कामाच्या ठिकाणी दिवसाला दोनशे-अडीचशे नळ्या यायच्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. एकदा तिच्या हातून दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मशीन बरोबर चाललं, रक्तही चांगलं होतं, आकडे एकूण एक खरे आले, आणि तरी एका धडधाकट बाईला चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. ती गोष्ट तिने घरात कधी काढली नव्हती. आज सांगितली, आणि म्हणाली, "त्या शाळेतल्या लोकांनी तपासलं ते काही खोटं नाही. चिठ्ठीच दुसऱ्याची लावून पाठवलीये आपण. त्या चिठ्ठीवरून तिला मंद ठरवलंय."

'मंद' हा शब्द घरात प्रथमच उच्चारला गेला. ताईने मशीनकडे पाहिलं. मोठ्या माणसांचा एक समज असतो की टेबलाखाली, पलंगामागे, मशीनच्या पायट्याशी बसलेलं मूल ऐकत नसतं. खरं तर तिथे बसूनच ते सगळ्यात जास्त ऐकतं. बटणांचा आवाज थांबलेला होता.

अप्पांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. ते इतका वेळ एका वाक्याशी अडकून पडले होते.

"अंगठ्याचं काय म्हणालीस?"

ताईने पुन्हा सांगितलं. बोटांवर अंगठा सारखा फिरवते.

अप्पा वाकले. "मुंगे, काळी बटणं किती गं?"

 एक छोटा हात मशीनच्या सावलीतून बाहेर आला. अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकला, एकेक पेर वर चढला, शेजारच्या बोटावर उतरला, पुन्हा चढला, आणि तिसऱ्या बोटाच्या टोकाशी थांबला.

"नऊ."

"आणि पांढरी?"

अंगठा पुन्हा निघाला. चारही बोटं संपली. तो पुन्हा करंगळीवर आला आणि दोन पेरं चढला.

"बारा. आणि दोन."

अप्पांनी तिला तसंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं होतं तसं. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. एका हातात डझन मावतं आणि दुसरा हात कापड धरायला मोकळा राहतो. अख्खं बोट उभं करून मोजणं मुंगीने कधी पाहिलंच नव्हतं. पाच म्हटलं की तिचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर जायचा आणि तिथे थांबायचा. तिच्या मते तिने उत्तर दिलेलं असायचं.

टिल्लू उठून मशीनपाशी आला आणि जमिनीवर बसला. एवढा उंच माणूस बसला की खोली एकदम मोठी वाटायची.

"शाळेत काय मोजतेस तू?" त्याने विचारलं.

मुंगीने बापाकडे नीट पाहिलं. हा प्रश्न मोठ्यांना का पडावा, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"किती राहिलो ते."

"कधी?"

"घरी जाताना. आधी सगळे असतात. मग एकेकाची आई येते. मग कमी कमी." तिने अंगठा करंगळीच्या तळाशी नेऊन ठेवला. "मग मी."

मुंगीच्या आईची पाळी साडेतीनला संपायची आणि शाळा तीनला. ती जागेवरून उठली नाही, पण टेबलावरचा हात तिने मांडीवर घेतला. टिल्लूने मुलीला बाहेर ओढून मांडीवर बसवलं आणि त्या क्षणी तो ताईच्या बाजूचा राहिला नाही. ताईला ते दिसलं.

तरी तिने हातपाय गाळले नाहीत. तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला एक वाट बंद झाली की दुसरी ताबडतोब दिसते. तिने कागद सरळ केले आणि बेत मांडला. सही करायची नाही. मुंगीचं नाव या शाळेतून काढायचं आणि ताईच्या पत्त्यावर, तिच्या भागातल्या शाळेत घालायचं. नवी शाळा, नवा अर्ज, जुनी तपासणी तिकडे जात नाही. उन्हाळाभर ती रोज संध्याकाळी मुंगीला शिकवेल, आणि वर्षाच्या सुरुवातीला मुलगी चुरूचुरू बोलत वर्गात जाईल. कुणाला पत्ता लागणार नाही.

"आणि त्या अर्जात नवव्या रकान्यात काय लिहायचं?" मुंगीच्या आईने विचारलं.

ताई कागदांच्या कडा जुळवत राहिली.

"आणि पत्त्याच्या रकान्यात? ती तुमच्याकडे राहते असं? मग मुंगीला सांगावं लागेल, बाई, कुणी विचारलं तर मी आत्याकडे राहते म्हण. आधीच ती बोलत नाही. बोलायला लागेल तेव्हा पहिलं वाक्य खोटं शिकवायचं का तिला?"

"तुला माहीत नाही तो वर्ग कसा असतो."

"नाही माहीत. तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? तीस वर्षं झाली. कधी जाऊन बघितलात?"

हे कुणी ताईला कधी विचारलं नव्हतं. रोज कामावर जाताना ती त्याच शाळेवरून जायची आणि रस्त्याची पलीकडची बाजू धरायची. सवयच होती ती, तिच्या स्वतःच्याही कधी ध्यानात आली नव्हती.

मुंगीची आई उठली, कप गोळा करायला लागली. तिचा निर्णय झालेला होता आणि तो सांगताना तिने नळ सोडला नाही, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून. सोमवारी ती पाळी बदलून घेणार होती. सही न करता कागद परत नेणार होती आणि नववा रकाना चुकीचा आहे म्हणून सांगणार होती.

"तिथल्या बाई भरभर बोलतात. मला राग आला की शब्द सापडत नाहीत. तुम्ही आलात तर बरं होईल, ताई. नाही आलात तरी मी जाणार. आणि तुमचं नाव घेणार नाही. आम्ही चुकीचं लिहिलं, असं म्हणेन."

ताईने पर्स उचलली आणि आतल्या खोलीत गेली. जायचं होतं खरं तर घरी, पण पाय तिकडे वळले.

थोड्या वेळाने अप्पा मागोमाग आले. खोलीत मुंगीचा छोटा पलंग होता, ताई त्याच्या काठावर बसली होती. अप्पा दाराशीच उभे राहिले. बाप-लेकीचं एकमेकांशी बोलणं असायचं ते कागदांवरून. हे काय आहे, इथे काय लिहिलंय, इथे सही करा. तेवढ्यावर तीन दशकं निघून गेली होती.

"तुझ्या त्या वर्गाच्या कागदावर मी सही केली," ते म्हणाले. "मला वाटलं, शाळेत घेतलं त्याची सही. पेढे वाटायचं मनात होतं."

"मला माहीत आहे."

"तू चार वर्षं तिथेच आहेस, हे मला कळलं चौथ्या वर्षी."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, अप्पा."

"नाही विचारलं. दुकानातून यायचो, तू झोपलेली असायचीस. आई म्हणायची, शाळेत जाते. मला तेवढं पुरे वाटायचं."  शिंप्याची सवय, ते बोलताना पलंगावरच्या चादरीची कड बोटांनी चाचपत होते. "मी न वाचता सही केली, तो माझा अडाणीपणा. तू सगळं वाचून खोटं लिहिलंस, तुला वाटलं पोरगी त्या वर्गातून वाचेल. पण दोन्ही वेळेला शाळेत नुसते कागद गेले. माणूस कुणी गेलंच नाही."

ताईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी तिला एक जुना, कोरडा राग आला, आणि प्रथमच तो बापावरही नव्हता आणि भावजयीवरही.

"सोमवारी नऊ ना?" तिने विचारलं.

"नऊ."

"मग पावणेनऊला फाटकाशी. आणि टिल्लूला म्हणावं, बस कुणाकडे तरी दे. सही त्याची आहे."

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत समोर खुर्च्या दोनच होत्या, म्हणून टिल्लू उभा राहिला. मुंगी आईच्या मांडीवर बसली होती, अंगात कोट तसाच. मुख्याध्यापिका केस बारीक कापलेल्या, काटक बाई होत्या. त्यांच्यासमोर घड्याळ होतं आणि नऊ वीसला त्यांची दुसरी भेट होती.

मुंगीच्या आईने रात्रभर पाठ केलेलं पहिलं वाक्य उच्चारलं. ते बरोबर आलं. दुसऱ्या वाक्यात 'आम्ही' म्हणून ती श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्यात ताई बोलली.

"मी लिहिलं. मी, या मुलीच्या आत्याने. घरात ही भाषा कुणी बोलत नाही. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम लिहिलं."

मुख्याध्यापिकांनी का म्हणून विचारलं. ताईने सांगितलं: तुमच्या इमारतीत, तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत ती चार वर्षं होती. तिने तक्रारीचा सूर लावला नाही. खिडकीवर ती लोकांना जशा चुका दाखवायची तसंच, एकामागून एक, तारखांसकट सांगितलं. मग पेरांवर मोजण्याचं सांगितलं. मुख्याध्यापिकांना ते खरं वाटेना, तेव्हा त्यांनी टेबलावरच्या पेन्सिली पसरल्या आणि मुंगीकडे पाहिलं. आईने कानात विचारलं. अंगठा फिरला. मुंगीने आईच्या कानात सांगितलं, आईने मोठ्याने सांगितलं, आणि मुख्याध्यापिकांनी पेन्सिली मोजल्या. अकरा होत्या.

त्यांचा चेहरा निवळला, पण त्या विरघळल्या नाहीत. माहिती चुकीची होती म्हणून तपासणी रद्द होईल, विशेष वर्गाची शिफारस मागे घेतली जाईल, हे एक. चुकीची माहिती मुद्दाम दिली याची नोंद फायलीत राहील, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे बालवर्गातली जागा सोडावी लागेल, कारण यादीत मुलं थांबलेली आहेत. मुलगी वर्षअखेरपर्यंत नवागतांच्या वर्गात बसेल आणि बालवर्ग पुढच्या वर्षी पहिल्यापासून करेल.

"म्हणजे वर्ष गेलं," टिल्लू आपल्या भाषेत पुटपुटला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही, मुंगीच्या आईकडे पाहिलं. एक वर्ष म्हणून घातलं आणि चार वर्षं ठेवलं, हे सगळ्यांच्याच डोक्यात होतं. मुंगीच्या आईने विचारलं, दर महिन्याला येऊन वर्गात बसून बघता येईल का, आणि वर्षअखेरीला काय ठरलं ते आधी तोंडी सांगणार का, मग कागद पाठवणार. शब्द मोडकेतोडके होते, पण प्रश्न दोन्ही पोचले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, येता येईल. आणि सांगू.

"मग चालेल," ती म्हणाली.

उठता उठता मुख्याध्यापिकांनी एक अडचण सांगितली. तुमची भाषा येणारं शाळेत कुणी नाही. पहिले दोन आठवडे घरचं कुणी वर्गात बसलं तर मुलांना सोपं जातं, पण सक्ती नाही. कामाची माणसं असतात, त्यांना जमत नाही हे ठाऊक आहे. मुंगीच्या आईने मनातल्या मनात पाळ्या मोजल्या. टिल्लूने अप्पांचं नाव काढलं आणि स्वतःच मान हलवली. अप्पा आले असते, पण त्यांनाच एक दुभाषा लागला असता.

"मी बसते," ताई म्हणाली. "नोकरीच्या वीस वर्षांत मी धड रजा घेतलेली नाही."

नवागतांच्या वर्गाची खोली तळमजल्यावरच होती, पण शेवटची नव्हती. भिंती पिवळ्या होत्या आणि खिडक्या मैदानाकडे उघडत. ताईला बरं वाटलं नाही. उंबऱ्यापाशी तिचे पाय थांबले, आणि परत फिरायला एखादं कारण सापडतं का ते ती शोधू लागली. मुंगीने तिचं बोट धरलेलं होतं. तीही थांबली. आत्या आत जाईपर्यंत आपणही जायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि तिला घाई नव्हती. मूल असं थांबलं की मोठ्या माणसाला फार वेळ घाबरता येत नाही. ताई आत गेली.

अकरा मुलं होती. एक टेबलाला गालफड टेकून बसलेलं, दोघं एकाच खुर्चीत, एक मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलून कळणार कुणाला? वर्गाच्या बाई तरुण होत्या, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी ताईला एक बुटकी खुर्ची दिली. गुडघे छातीशी आले, पण बसता आलं.

बाईंनी आजचा बेत दाखवला. रंगांची नावं, मग एक ते पाच, मग फळांची चित्रं. मी जे म्हणेन ते तुम्ही तुमच्या भाषेत या छोटीला सांगा, म्हणाल्या. म्हणजे ती एकटी पडणार नाही. आणि मग, बहुधा उपचार म्हणून, त्यांनी विचारलं की सुरुवात कशाने करावी असं तुम्हाला वाटतं.

ताईला या खोलीत तिचं मत कुणी विचारेल, असं वाटलं नव्हतं. तिने तो रंगीत तक्ता पाहिला, तांबडा, निळा, हिरवा. मग मुलांकडे पाहिलं. एकाने पाय घट्ट जुळवून धरले होते. दप्तरवाली मुलगी या पायावरून त्या पायावर होत होती. मुंगीने कोटाची बटणं सोडली नव्हती आणि ओठ आत दाबून धरले होते. ताईला ते ओठ ओळखीचे होते. सकाळी नऊपासून तीनपर्यंत कसं धरून ठेवायचं, हे या जगात तिला जितकं माहीत होतं तितकं फार थोड्यांना माहीत असेल.

"रंग राहू द्या," ती बाईंना म्हणाली. "आधी संडास. तो कुठे आहे ते, आणि कसं विचारायचं ते."

 बाईंनी तक्ता खाली ठेवला.

ताई खुर्चीतून उठली. तिने दाराकडे बोट दाखवलं, पोटावर हात ठेवला, आणि इथल्या भाषेतलं ते वाक्य उच्चारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग मुंगीकडे वळून आपल्या भाषेत सांगितलं, "मुंगे, असं म्हटलं की जाऊ देतात. कधीही. कुणी रागावत नाही." मग पुन्हा इथल्या भाषेत, पहिल्यापेक्षा मोठ्याने, सगळ्यांसाठी.

पहिली मुंगी उठली. तिच्यामागे दप्तरवाली मुलगी. मग एकाच खुर्चीतले ते दोघं, मग पाय जुळवून बसलेला, आणि ताई मोजेपर्यंत मुंगीसकट सात जणं तिच्यासमोर उभी होती.

तिने दार उघडलं.

"चला," ती म्हणाली, "एकामागे एक."